एका पायाची सूज

चपलेचा पट्टा डाव्या पायावर चढेना म्हणून अंबादासनं ती चप्पल भिंतीकडे लाथाडली. उजव्या पायात चप्पल, डावा उघडा, असा तो मागाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबला आणि खाली बघून म्हणाला, “रात्रीतून उतरला नाही हा.”

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आता घेते आहे, कारण इतक्या वर्षांनी सांगायला बसले तर ‘हे’ आणि ‘ते’ करण्यात ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचा.

पाय उतरला नाही म्हणजे सूज उतरली नाही. येवल्यात आमच्या गल्लीत घरोघर पैठणीचे माग होते आणि माग म्हटला की खड्डा आला. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, खालच्या पावड्या पायानं दाबत राहतो आणि सगळं लक्ष वर, धाग्यात. दिवसभर असे पाय लोंबकळले की संध्याकाळी घोट्यापाशी सूज येणारच. बोटानं दाबलं की खळगा पडायचा. उशीवर पाय ठेवून झोपलं की सकाळपर्यंत ती सूज ओसरायची. तिला आजार म्हणायचं आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही. मागावरच्या माणसाचे पाय सुजायचेच.

तिच्यावर उपायही घरोघरी एकच. तळपायाला कोमट तूप लावायचं, काशाच्या वाटीनं तळवे घासायचे आणि मग पोटऱ्या वरपर्यंत चांगल्या रगडून काढायच्या. आमच्या घरात हे काम आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझी सासू, बायजाबाई. स्वयंपाक तिनं मला केव्हाच देऊन टाकला होता, किल्ल्याही दिल्या होत्या, पण ती वाटी मात्र दिली नव्हती. एकदा मी नवऱ्याचे पाय चोळायला बसले तर मला उठवून म्हणाली होती, “तुझ्या हाताला अजून समज नाही.” मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर तिच्या हाताला होती. संध्याकाळी गल्लीतले दोन-चार म्हातारे विणकरसुद्धा आमच्या ओट्यावर पाय पसरून बसायचे आणि ती कुणाला नाही म्हणायची नाही.

त्या सकाळी तिनं अंबादासचा पाय मांडीवर घेतला, पोटरी चाचपली आणि कपाळाला आठी घातली.

“दगडावाणी झाली ही. नुसतं तळवे घासून नाही भागायचं. दुपारी जेवला की ओवा टाकून तेल तापवते अन् पोटरी मोकळी करते. तोवर बस तू.”

आणि तो बसला. त्याला बसायचंच होतं. पुण्याच्या एका लग्नाची पैठणी मागावर होती आणि पदर निम्म्यावर आला होता. पदरातले मोर विणायचे म्हणजे एकेका रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली, बोटाएवढी, आणि अशा कितीतरी तिल्ल्या एका ओळीत हातानं फिरवायच्या. त्यात आमच्याकडचा दंडक असा, की पदर सुरू केला त्याच हातानं संपवायचा. मध्येच दुसरा बसला की त्याचा ठोका कमी-जास्त पडतो आणि तिथे पदरावर आडवा पट्टा उमटतो. गिऱ्हाइकाला तो दिसणार नाही कदाचित, पण विणकराला गल्लीच्या टोकावरून दिसतो. त्यामुळे अंबादास गेले पंधरा-वीस दिवस जेवणापुरता उठत होता. पाणीसुद्धा कमी प्यायचा, सारखं उठावं लागू नये म्हणून. याचं आम्हांला कौतुक वाटत होतं.

माझा त्या दिवशी कान ठणकत होता. रात्रभर मी तो हातानं दाबून काढली होती. दहाच्या सुमारास भाकरी करून ठेवल्या, आत्याबाईंना सांगितलं आणि बाजारपेठेतल्या डॉक्टर पटणींकडे गेले. हे डॉक्टर गावात नवे होते, वयानं माझ्याहून लहान असावेत. बोलायला जरा तुटक, म्हणून लोक त्यांच्याकडे कमी जायचे. मला रांगेचा कंटाळा, म्हणून मी जायचे.

त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, थेंब लिहून दिले. निघता निघता मी म्हटलं, पायाच्या सुजेवर एखादं मलम द्या, घरच्यांचा पाय सुजलाय.

“पाय की पाय?” त्यांनी विचारलं. मला कळलं नाही. तेव्हा म्हणाले, “एकच सुजलाय की दोन्ही?”

“डावाच. मागावर बसतात ना.”

“माग काय एकाच पायाला असतो का?”

मला हसू आलं. ते मात्र हसले नव्हते. पेनाला टोपण लावून त्यांनी मला परत बसायला सांगितलं आणि एकामागून एक विचारत गेले. पाय गरम लागतो का? लागत होता. सकाळी सूज उतरते का? आज नाही उतरली. पोटरी दुखते का, लालसर दिसते का, इतक्यात फार वेळ एका जागी बसणं झालं का? प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा बदलत गेला. मग ते म्हणाले, दोन्ही पाय सुजले तर मी हृदय बघतो, मूत्रपिंड बघतो, रक्त किती आहे ते बघतो, आणि निम्म्या वेळेला नुसतं लोंबकळून बसणंच निघतं. पण एकच पाय असा तडकाफडकी सुजला, गरम झाला, तर आधी एकच शंका येते.

“आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल. ती पोटरीत आहे तोवर इलाज आहे. त्यांना चालू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे पायाला कुणालाही हात लावू देऊ नका. तुमच्याकडे चोळतात ना?”

मी म्हटलं, चोळतात.

“चोळलं की गाठ सुटते. रक्ताबरोबर वर जाते आणि फुफ्फुसात अडकते. माणसाला हवा पुरत नाही, घाम फुटतो आणि तो आपल्या डोळ्यांदेखत जातो. काही करता येत नाही.”

ते पुढे काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. कान ठणकत होता म्हणून नव्हे. त्यांनी जे सांगितलं ते मी पाहिलेलं होतं.

लग्न होऊन मी त्या घरात आले त्याच वर्षीची गोष्ट. अंबादास प्रदर्शनासाठी मुंबईला गेला होता. घरात मामंजी, आत्याबाई आणि मी. मामंजींचा उजवा पाय दोन-तीन दिवस सुजला होता. दुपारी जेवण झाल्यावर आत्याबाई त्यांची पोटरी रगडत होती आणि मी शेजारी बसून तूप कोमट करून देत होते. मामंजी म्हणाले, बरं वाटतंय. मग एकदम उठून बसले आणि मला म्हणाले, दार उघड, हवा येईना. दार उघडंच होतं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले, छातीवर हात गेला, आणि शेजारच्यांना हाक मारून मी परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. काळीज थांबलं, असं सगळ्यांनी धरलं. कसलाही त्रास न होता गेले, नशीबवान माणूस, असं म्हणत लोक पांगले.

आत्याबाईंना मात्र त्या दुःखात एक गोष्ट पुरली होती. ती आल्यागेल्याला सांगायची, “शेवटच्या क्षणापर्यंत त्यांचे पाय माझ्या हातात होते.” तेवढंच बोलायची, पण बोलताना तिचा चेहरा उजळायचा. तिच्याकडे त्यांच्या आठवणीतलं ते सगळ्यांत मोलाचं होतं.

आणि आत्ता, मी इथे खुर्चीत बसले असताना, ती घरी ओवा टाकून तेल तापवत असणार होती.

डॉक्टर म्हणाले, मी स्टँडवरून जीप घेऊन मागोमाग येतो, त्यांना नाशिकला न्यावं लागेल, तुम्ही पुढे व्हा. मी धावत सुटले. लग्न झाल्यापासून मी रस्त्यानं धावले नव्हते. पदर पडला, एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच सोडली. लोक ओट्यावरून विचारत होते काय झालं, मी थांबले नाही. डोक्यात एकच होतं की अंबादास लवकर जेवायला उठला नसू दे. त्या एका दिवशी तरी त्याला भूक लागली नसू दे.

गल्लीत शिरले तेव्हा आमच्या मागाचा आवाज बंद होता.

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. अंबादास त्यावर पाठीवर पडला होता आणि त्याचा डावा पाय आत्याबाईंच्या मांडीवर होता. घोट्यापर्यंत तेल चमकत होतं. ती अजून तळव्यालाच वाटी घासत होती. तिची पद्धत ठरलेली, आधी तळवा, मग घोटा, मग पोटरी. माझ्याकडे न बघताच तिनं वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पोटरीकडे नेले.

मी तिची दोन्ही मनगटं धरली.

असं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. तिच्यासमोर मी मोठ्यानं बोलले नव्हते कधी. ती इतकी चकित झाली की तिला राग यायलाही वेळ लागला. अंबादासला मात्र लगेच आला. तो कोपरावर उठून म्हणाला, “डोकं फिरलं का तुझं? काय करू ऱ्हायली?”

मी त्याचा पाय मांडीवरून अलगद उचलून उशीवर ठेवला आणि मध्ये बसले, पाय आणि आत्याबाई यांच्या मध्ये. म्हटलं, डॉक्टर येताहेत, त्यांनी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

“का?” आत्याबाईंनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य पुरलं असतं, ती जन्मात पुन्हा त्या पायाकडे गेली नसती. पण ते वाक्य तिच्या कानावर पडल्यावर तिला मामंजींची ती दुपार आठवल्याशिवाय राहिली नसती. जे मला डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, ते तिला कळायला किती वेळ लागला असता? नवऱ्याला वाचवायचं तर सासूला सांगावं लागणार, आणि सांगितलं तर ती उरलेलं आयुष्य कशी काढणार होती, हे मला दिसत होतं.

“डॉक्टर म्हणाले,” मी म्हटलं.

“डॉक्टर काय म्हणाला ते नको. कारण सांग.”

“कारण मला कळलं नाही, आत्याबाई. त्यांनाच विचारा.”

तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. तेल निवत होतं आणि ती म्हणत होती की निवलेल्या तेलाचा उपयोग नाही, सूज वर चढली की मग रडशील. अंबादासनं तिची बाजू घेतली. त्याला पाय मोकळा करून लगेच मागावर बसायचं होतं. तो मला बाजूला सारायला लागला तशी मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली दाबलं. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

आत्याबाईंचा आवाज मग एकदम मऊ झाला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मंदा, अगं तुझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. यांचा जीव जाईपर्यंत मी यांचे पाय चोळत होते. माझ्या हातानं कधी कुणाचं वाईट झालंय का?”

मी मान हलवली. नाही, म्हटलं. आणि तिथून हलले नाही.

तिनं माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. मी तो परत मागे सारला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं केला नाही. उठली, तेलाचं भांडं घेऊन आत गेली, आणि आतून तिच्या बडबडण्याचा आवाज येत राहिला. तिचा इतका अपमान त्या घरात कुणी केला नव्हता, आणि तो मी केला होता. मला वाईट वाटत होतं, तरी मनात म्हणत होते, रागव, खूप रागव, पण आतच थांब.

जीप आली. डॉक्टर पटणी चपला न काढताच ओसरीवर चढले. त्यांनी अंबादासच्या दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या, डावी हलकेच दाबून पाहिली, तो कळवळला, आणि ते म्हणाले, निघायचं, आत्ताच.

अंबादास म्हणाला, “दोन दिवस द्या डॉक्टर. पदर उतरवतो अन् येतो.”

त्यांनी समजावलं. यानं ऐकलं नाही. पुण्याच्या लोकांना दिलेला शब्द सांगितला, दुसरा हात चालत नाही ते सांगितलं, आमच्यात पाय सगळ्यांचेच सुजतात हेही सांगितलं. आणि हात टेकून उठायला लागला. डॉक्टर तरुण होते, त्यांचा तोल सुटत चालला होता. मला कळलं की आता ते बोलणार. मी त्यांच्याकडे बघून मानेनं नाही म्हटलं, डोळ्यांनी आतल्या दाराकडे खुणावलं. त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना कसं येणार?

“पदर काय करताय? उठून चाललात किंवा कुणी ही पोटरी चोळली तर ती गाठ सुटून फुफ्फुसात जाईल. दम लागेल, हवा पुरणार नाही, दरदरून घाम येईल आणि पाच-दहा मिनिटांत सगळं संपेल. लोक म्हणतील, काळीज थांबलं. असे किती गेले असतील, कुणी मोजलेत?”

अंबादास पांढराफटक पडला आणि होता तसा आडवा झाला. मी मागे वळून पाहिलं.

आत्याबाई दारात उभी होती. आतली बडबड केव्हा थांबली होती, मला कळलं नव्हतं. तिचे हात तेलकट होते आणि ती ते पदराला पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती.

सतरंजीसकट अंबादासला जीपमध्ये ठेवलं. मागच्या बाकावर तो आडवा, पाय उशांवर, त्या उशा माझ्या मांडीवर. आत्याबाई समोरच्या बाकावर येऊन बसली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, राहा म्हणायचीही कुणाची छाती नव्हती. डॉक्टरांनी ड्रायव्हरला खड्डे चुकवायला बजावलं आणि नाशिकच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली.

निफाडच्या अलीकडे गाडीनं असा काही हिसका खाल्ला की अंबादास ओरडला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कपाळाला घाम येतो का, श्वास अडतो का. ऊन होतं, घाम सगळ्यांनाच आला होता, आणि त्याच्या कपाळावरचा प्रत्येक थेंब मी पुसून पुन्हा येतो का बघत होते. दोनदा त्याला विचारलं, हवा पुरते का. तिसऱ्यांदा तो वैतागला. तेव्हा मला जरा धीर आला, कारण वैतागायला दम लागतो.

“आई, जरा पाय धर गं,” तो मध्येच म्हणाला. “फार हिसके बसू ऱ्हायले.”

आत्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत. तोंड फिरवून ती बाहेर बघत राहिली, आणि पाय मीच धरला. अंबादासला वाटलं आई अजून रुसली आहे. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

दिवेलागणीला दवाखान्यात पोचलो. तपासणी झाली. गाठ होतीच, पोटरीपासून मांडीच्या निम्म्यापर्यंत. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाले, वेळेत आणलंत, पण दोन-तीन दिवस धोक्याचे आहेत, पाय हलवू द्यायचा नाही. मी बाहेर आले.

बाहेरच्या बाकड्यावर आत्याबाई बसली होती. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं. मी डॉक्टरांचं बोलणं तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. मी तिच्याशेजारी बसले. मग ती म्हणाली,

“यांचा कुठला पाय होता गं?”

दिवसभर मी या प्रश्नाला भीत होते, आणि तो असा हळू आवाजात आला. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. अंबादासला काही माहीत नव्हतं, शेजारी आले तेव्हा मामंजींवर चादर घातलेली होती. तो पाय पाहिलेली माणसं जगात दोनच, आणि ती दोघं या बाकड्यावर बसलेली.

“दोन्ही,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर वळवली नाही. कशी नाही वळवली, ते माझं मला माहीत.

“दोन्ही सुजले होते, आत्याबाई. मी तूप कोमट करून देत होते ना, मला चांगलं आठवतं. ते काळजाचंच होतं. पटणी डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं, दोन्ही सुजले तर काळीज.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, खोटं बोलतेस. तिचे ओठ हललेसुद्धा. पण ती इतकंच म्हणाली, “हां. दोन्हीच. मला उगीच वाटलं,” आणि उठून नळाकडे पाणी प्यायला गेली. मला हायसं वाटलं. आपण एका माणसाला वाचवलं असं वाटलं. खरं तर त्या दिवशी मी दोघांना वाचवलं अशा तोऱ्यात होते, कुणाला सांगता येत नव्हतं एवढंच.

अंबादास बरा झाला. पुढे बरेच महिने गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या चालल्या. पायात घट्ट मोजा घालायला लागला आणि दर थोड्या वेळानं खड्ड्यातून उठून दोन फेऱ्या मारायचं त्याच्या अंगवळणी पडलं. पदर त्यानंच परत येऊन पुरा केला. पुण्याचं लग्न दुसऱ्या पैठणीवर होऊन गेलं होतं, पण शब्द मोडला म्हणून कुणाचं काही अडलं नाही. गल्लीत मात्र त्या प्रकरणानं एक फरक पडला. कुणाचा पाय सुजला म्हटलं की बायका आधी विचारायच्या, एक का दोन्ही? आत्याबाईंच्या समोरही विचारायच्या. ती दाणे निवडत असायची, निवडत राहायची.

तिनं पुन्हा कुणाचे पाय चोळले नाहीत. म्हातारे विणकर ओट्यावर आले तर हात दुखतात म्हणून सांगायची. आणि ते वाक्य, शेवटपर्यंत त्यांचे पाय माझ्या हातात होते, तेही तिनं सोडलं. कुणी मामंजींचा विषय काढला तर म्हणायची, “दोन्ही पाय सुजले होते, काळजाचं दुखणं होतं.” मी आसपास असले तर जरा मोठ्यानं म्हणायची. मला वाटायचं, बरं झालं, हिला पटलं.

पुढे तिचंच काळीज थकलं. शेवटच्या वर्षी तिला फार चालवत नसे. दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भरून यायचे, बोट रुतायचं. पटणी डॉक्टर घरी येऊन बघून जायचे. आताशा त्यांच्याकडे रांग असे. त्यांनी लघवी साफ व्हायच्या गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. अळणी खाऊन ती चिडचिडी झाली होती आणि रोज एकदा तरी म्हणायची की एवढं बेचव खाऊन जगण्यापेक्षा लोणचं खाऊन मरेन. मी चोरून द्यायचे बोटभर.

एका दुपारी अंबादास मागावर होता. मी तिला टेकून बसवलं, पायाखाली उशा दिल्या.

“चोळ थोडे,” ती म्हणाली.

मी खाली बसले. हात तिच्या पायापर्यंत गेला आणि थांबला. इतकी वर्षं त्या घरात कुणी कुणाच्या पायाला तसा हात लावला नव्हता.

“भिऊ नको,” ती म्हणाली. “माझे दोन्ही आहेत. यांचा एकच होता.”

मला वर बघवेना. म्हणजे त्या बाकड्यावर मी खोटं बोलले तेव्हाही तिला माहीत होतं, आणि मला बरं वाटावं म्हणून तिनं ते मान्य केलं होतं. मग ते एवढी वर्षं लोकांसमोर म्हणत राहिली, मला ऐकू जाईल असं. तिला सांभाळलं म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते, आणि सांभाळत होती ती मला.

मी तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि हलक्या हातानं चोळत राहिले, तळव्यापासून घोट्यापर्यंत, घोट्यापासून वर. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

“चांगला आहे गं तुझा हात,” ती म्हणाली.